शूज कपाटात नको, पायात हवेत: वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

स्नीकर्सवर लिहा म्हणून बरेच दिवस मागे लागला होतात, आणि मागच्या अंकात मी नुसतं विचारलं की काय काय जाणून घ्यायचंय तर पत्रांचा ढीग पडला. सगळी घेता येणं शक्य नाही, पण जे प्रश्न परत परत आलेत ते घेतलेत. काही उत्तरं मोठी झालीत, काही दोन ओळीत संपलीत, कारण काही ठिकाणी खरंच सांगण्यासारखं खूप आहे.

ताई, मी कॉलेजात असताना पैसे साठवून नायकीचे जॉर्डन ४ स्नीकर्स घेतले होते. एकदाही घातले नाहीत, बॉक्समध्ये कागदात गुंडाळून कपाटात ठेवले, म्हटलं लग्नाच्या रिसेप्शनला घालू. परवा काढले, वरून एकदम नवे, आणि हॉलमध्ये चालताना सोल तुटून तुकडे पडले. मी काय चुकलो? शूज डुप्लिकेट होते का?
– एक नवरदेव

नाही रे, डुप्लिकेट असतीलच असं अजिबात नाही. ओरिजिनल शूजचंही हेच होतं आणि तुझ्यासारखे कितीतरी जण यात रडलेत. हे नीट समजून घे, कारण स्नीकर जमवणाऱ्या प्रत्येकाला हे माहिती पाहिजे आणि दुकानात कोणी सांगत नाही.

शूजचा वरचा भाग म्हणजे अपर, खाली जमिनीला लागतो तो रबरी आउटसोल, आणि या दोघांच्या मधला जो जाड फोमचा थर असतो ना तो मिडसोल. जॉर्डन ३, ४, ५, ६ या सगळ्यांचा मिडसोल पॉलियुरेथेनचा, लोक त्याला पीयू म्हणतात. पीयू मस्त असतो, टिकाऊ वाटतो, दाबला की परत उभा राहतो, पण त्याचं एक वैर आहे पाण्याशी. पाणी म्हणजे पाऊसच असं नाही, हवेतली साधी वाफ सुद्धा. ती वाफ हळूहळू फोमच्या आत शिरते आणि त्याच्या रासायनिक साखळ्या तोडत जाते, याला हायड्रोलिसिस म्हणतात. हवा जितकी दमट आणि गरम तितकं हे काम फास्ट. वरून काही दिसत नाही. पेंट तसाच, शिलाई तशीच, लेदर चकचकीत, आणि आत फोम ओल्या खडूसारखा झालेला असतो. मग एक दिवस माणसाचं वजन पडतं आणि सगळं खाली बसतं.

आता गंमत बघ, जे शूज अधूनमधून घातले जातात ते बऱ्याचदा जास्त टिकतात असं जुने कलेक्टर हमखास सांगतात, कारण चालताना फोम दाबला जातो, सुटतो, आत कोंडलेला ओलावा बाहेर पडायला वाव मिळतो. बंद बॉक्समध्ये वर्षानुवर्षं तसाच पडून राहिलेला जोड तिथंच मरतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की घाला. महिन्यातून एकदा का होईना घाला.

कपाटात अजून काही जुने जोड असतील तर आधी पायात घालू नकोस. टाचेजवळ मिडसोलवर अंगठ्याने जोरात दाबून बघ. दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, किंवा पेंटला बारीक केसासारख्या चिरा गेल्या, किंवा हाताला चिकट लागलं, तर तो गेला. फोम लगेच परत वर आला तर अजून जीव आहे.

आणि सगळे शूज असे मरत नाहीत. जॉर्डन १ चा तळ रबरी कपसोल, म्हणजे कपासारखा कडेनं वर वळलेला, असतो, म्हणून १९८५ चे जोड आजही लोक घालताना दिसतात. कॉन्व्हर्स, व्हॅन्सचा तळ व्हल्कनाइज्ड रबरचा, तो कडक होईल, पिवळा पडेल, पण भुगा नाही होणार. रनिंग शूजमध्ये जो ईव्हीए फोम असतो तो पण भुगा होत नाही, तो फक्त बसतो, म्हणजे चपटा आणि कडक होतो.

तुझ्या जोडाचं अपर चांगलं असेल तर टाकू नकोस. सोल स्वॅप नावाचा प्रकार असतो, त्याच मॉडेलच्या नव्या रेट्रो जोडाचा, म्हणजे कंपनीने परत काढलेल्या जोडाचा, तळ काढून जुन्या अपरला लावतात. खर्चिक आहे आणि हात चांगला असलेला माणूस मिळाला पाहिजे, पण जोडाशी आठवण जोडलेली असेल तर करून घे. आणि संसाराला शुभेच्छा.

पांढरे कॅनव्हास शूज धुतले की वाळल्यावर कडेनं पिवळे डाग येतात. साबण बदलून बघितला, उन्हात कडक वाळवले, तरी तेच. काय करू?

उन्हात वाळवणं हेच बंद करा. साबणाचा जो अंश कापडात राहून जातो तो आणि कडेचा डिंक, पाणी उडताना हे सगळं कापडाच्या काठाला ओढलं जातं आणि तिथं पिवळं होतं. मऊ ब्रश, अगदी थोडा साबण, आणि मग खळखळून साध्या पाण्यात इतके वेळा धुवा की फेस शून्य झाला पाहिजे, बहुतेक लोक इथंच कंटाळतात. मग पांढरे टिश्यू पेपर पूर्ण शूजवर बाहेरून चिकटवा, ओल्यावर आपोआप चिकटतात, आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. पिवळेपणा कागदावर येतो, कापड स्वच्छ राहतं. आतमध्ये वर्तमानपत्र कोंबू नका, शाई लागते. ब्लीच तर नकोच, त्याने रबर आणि धागा अजून पिवळा होतो. स्वेड, म्हणजे मऊ लव असलेलं लेदर, असेल तर यातलं काहीही करू नका, स्वेडला कोरडा ब्रश आणि खोडरबर, बास.

नव्या स्नीकर्सच्या प्रत्येक ड्रॉमध्ये, म्हणजे लॉटरीत, एंट्री टाकतो, प्रत्येक वेळी हरतो. ॲपवर दहाच्या ठोक्याला बसलेला असतो तरी नाही. मित्र म्हणतो रीसेलवाल्याकडून घे, दुप्पट पैसे दे आणि विषय संपव. घ्यावं का?
– सतत एल (म्हणजे हार) खाणारा

तुझा राग अगदी बरोबर आहे. आणि तू काही कमी पडत नाहीयेस, हा खेळच असा मांडलेला आहे.

आधी हे कसं सुरू झालं ते सांगते. पूर्वी दुकानाबाहेर रांग लागायची. २२ फेब्रुवारी २००५ ला न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला जेफ स्टेपल या डिझायनरच्या दुकानात नायकी एसबी डंकचा 'पिजन' निघाला, करड्या रंगाचा, टाचेला छोटंसं कबुतर. एकूण जोड फक्त १५०. लोक कडाक्याच्या थंडीत आधीपासून बाहेर मुक्कामाला बसले होते, गर्दी इतकी झाली की पोलीस बोलवावे लागले, आणि ज्यांना जोड मिळाला त्यांना मागच्या दाराने काढून टॅक्सीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते न्यूयॉर्क पोस्टच्या पहिल्या पानावर होतं. त्या दिवशी शहरातल्या ज्या लोकांना स्नीकर म्हणजे काय याचं घेणंदेणं नव्हतं त्यांना पण कळलं की एका जोडाला एवढी किंमत येऊ शकते. माझ्या मते स्नीकरचा शेअर बाजार झाला तो तिथूनच.

मग रांगा धोकादायक झाल्या म्हणून ॲप आले, ड्रॉ आले. पण ॲपमध्ये तू एका अकाउंटवरून एक एंट्री टाकतोस, आणि बॉटवाला, म्हणजे आपोआप एंट्री टाकणारं सॉफ्टवेअर वापरणारा, शेकडो अकाउंटवरून शेकडो एंट्र्या टाकतो, वेगवेगळे पत्ते, वेगवेगळी कार्डं. कंपन्या बॉट पकडतात, ते नवीन बनवतात, हे चालूच आहे. शिवाय कंपनीला पण शूज लगेच संपणं हवंच असतं, कारण संपलं या बातमीनेच पुढच्या ड्रॉपची, म्हणजे पुढच्या नव्या मालाची, गर्दी होते.

आता तुझा प्रश्न, रीसेल. माझं मत स्पष्ट आहे, थांब. घाईत कधीच नाही. रिलीजच्या आधी आणि पहिल्या एकदोन दिवसात भाव सगळ्यात फुगलेला असतो, ज्यांनी जिंकलेत त्यांचे जोड अजून हातात पोचलेले पण नसतात. जोड पोचले की विकणारे वाढतात आणि बऱ्याच मॉडेलचा भाव खाली येतो. आणि कंपनीने परत माल काढला तर तो कोसळतोच. पांडा डंकचं उदाहरण घे, तो साधा पांढरा काळा डंक लो, २०२१ मध्ये आला तेव्हा लोक वेड्यासारखे मागे होते, मग नायकीने तो परत काढला, परत काढला, परत काढला, शेवटी रस्त्यावर प्रत्येक दुसऱ्या पायात तोच, आणि रीसेलचा भाव दुकानाच्या भावाजवळ येऊन बसला. पहिल्या आठवड्यात ज्यांनी दुप्पट तिप्पट दिले त्यांचं काय झालं असेल बघ.

खरोखर मोजके निघालेले कोलॅब, म्हणजे बाहेरच्या डिझायनरबरोबर केलेले जोड, मात्र खाली येत नाहीत हे पण खरं आहे. डिझायनर व्हर्जिल अबलोहने २०१७ मध्ये नायकीचे दहा मॉडेल उलगडून मांडले ना, बाहेर आलेला फोम, शिलाईच्या खुणा, लेसवर लिहिलेलं, झिप-टायचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीचा, लाल टॅग, ते परत तसे कोणी काढणार नाही, आणि तो २०२१ मध्ये गेल्यापासून तर ते जोड लोकांना वेगळ्याच भावनेने हवे असतात. ते परवडत नसतील तर वाईट वाटून घेऊ नकोस. त्याच मॉडेलचा साधा जीआर, म्हणजे दुकानात सहज मिळणारा जोड, तोच साचा, तोच आराम.

घ्यायचाच ठरवलास तर तपासून घे. बॉक्सच्या लेबलवर आणि शूजच्या आतल्या साइज टॅगवर स्टाइल कोड असतो, नायकीचा असेल तर आधी सहा अक्षरं आकडे, मग डॅश, मग तीन आकडे, ते शेवटचे तीन रंगाचे. दोन्ही ठिकाणचा कोड एकच पाहिजे, आणि तो कोड सर्च केल्यावर हाच रंग दिसला पाहिजे. कोड जुळला म्हणजे खरा असं नाही, नकली बनवणारे पण कोड छापतात, पण जुळला नाही तर तिथंच उठ. मग डावा उजवा शेजारी ठेवून मागून बघ, टाचेची उंची आणि लोगोची जागा दोन्हीकडे सारखी आहे का. शिलाईचे टाके मोज, एका इंचात दोन्हीकडे साधारण सारखे यायला हवेत. डिंकाचा भपकन वास आला तर शंका घे. आणि वापरलेला जोड असेल तर मिडसोल कुठल्या मटेरियलचा, किती वर्षांचा, हे विचारच, वरचं पहिलं पत्र वाच म्हणजे कळेल का ते.

एअर जॉर्डन १ ला एनबीएने, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने, बॅन केलं होतं आणि मायकल जॉर्डन दर मॅचला दंड भरायचा, ही गोष्ट खरी आहे का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडण झालंय.

भांडण मिटवते. अर्धी खरी आहे.

एनबीएने नायकीला पत्र पाठवलं होतं, फेब्रुवारी १९८५ मध्ये, आणि त्यात लिहिलं होतं की जॉर्डनने ऑक्टोबर १९८४ च्या सुमाराला घातलेले लाल काळे शूज नियमात बसत नाहीत. त्या काळी खेळाडूचे शूज टीमच्या बाकीच्यांशी जुळणारे हवेत असा नियम होता. पण पत्रात मॉडेलचं नाव नाही, आणि जुने फोटो तपासणाऱ्या बऱ्याच जाणकारांचं म्हणणं आहे की तेव्हा त्याच्या पायात एअर जॉर्डन १ नव्हता, एअर शिप नावाचा दुसराच नायकी होता, कारण जॉर्डन १ अजून तयारच होत होता. पाच हजार डॉलर दंडाची जी गोष्ट सगळे सांगतात त्याचा पक्का कागद कोणी दाखवलेला नाही.

पण नायकीने काय केलं, जाहिरात काढली. कॅमेरा जॉर्डनच्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली येतो, पायापाशी पोचतो आणि शूजवर काळ्या पट्ट्या पडतात, म्हणजे सेन्सॉर. लीगने शूज खेळातून बाहेर काढले पण तुम्हाला घालण्यापासून कोणी अडवू शकत नाही, असा मतलब. झालं, तरुण पोरांना अजून काय पाहिजे. नायकीला थोड्याफार विक्रीची अपेक्षा होती, आणि जॉर्डनचा एजंट डेव्हिड फॉकने सांगितलंय त्याप्रमाणे पहिल्याच वर्षात १२ कोटी ६० लाख डॉलरचे शूज गेले. डिझाइन पीटर मूरचं. ते लाल काळं डिझाइन आज चाळीस वर्षांनी पण जुनं वाटत नाही, यात जाहिरातीइतकंच त्याचं पण श्रेय आहे आणि त्याचं नाव लोक विसरतात म्हणून मुद्दाम घेतलं.

अजून एक सांगते, कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्नीकर कल्चर कंपन्यांनी बनवलं असं आपण धरून चालतो, पण कित्येकदा उलटं झालंय, रस्त्यावरून वर गेलंय. रन डीएमसी हा न्यूयॉर्कचा रॅप ग्रुप, ते आदिदासचे सुपरस्टार लेस न लावता, जीभ बाहेर काढून घालायचे, कोणी पैसे दिले म्हणून नाही, त्यांच्या गल्लीत तसंच घालायचे म्हणून. १९८६ मध्ये त्यांनी शूजवर गाणंच केलं, आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टेजवरून सांगितलं की शूज वर करा, तर हजारो लोकांनी आपापले आदिदास हातात धरून वर केले. ते बघायला कंपनीचा माणूस तिथं हजर होता. मग करार झाला, दहा लाख डॉलरच्या घरातला, आणि खेळाडू नसलेल्या लोकांशी शूजचा इतका मोठा करार तोपर्यंत कोणी ऐकलेला नव्हता. तसंच एअर फोर्स १. १९८२ मध्ये बास्केटबॉलसाठी आला, दोनेक वर्षांत कंपनी बंद करायला निघाली होती, पण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या तीन दुकानदारांनी हट्ट धरला की आमच्याकडे पोरं रोज मागतात, नवीन रंगात काढून द्या. त्यांनी हट्ट केला नसता तर तो पांढरा एअर फोर्स जो आज सगळीकडे दिसतो तो दिसलाच नसता.

माझी साइज एका ब्रँडमध्ये यूके ८ आणि दुसऱ्यात साडेआठ. पाय वाढलाय का?

पाय तोच आहे. नायकीत पुरुषांच्या साइजला यूएस आणि यूके मध्ये एकाचा फरक धरतात, आदिदासमध्ये अर्ध्याचा. म्हणून २७ सेंटिमीटरचा शूज नायकीत यूके ८ लिहिलेला असतो आणि आदिदासमध्ये साडेआठ. सगळं विसर आणि लेबलवर सीएम (सेंटिमीटर) किंवा जेपी (जपानी साइज) लिहिलेला आकडा बघ. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभी राहा, सगळ्यात पुढच्या बोटाशी खूण कर, मोज, दोन्ही पायांचं, आणि मोठा असेल तो धर. संध्याकाळी मोज, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. नायकीत बायकांची यूएस साइज पुरुषांच्यापेक्षा दीडने जास्त लिहितात हे ऑनलाइन घेताना लक्षात ठेव. आणि कॉन्व्हर्सचे चक टेलर मोठे येतात, अर्धा नंबर तरी कमी घे.

माझा मुलगा सोळा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी हट्ट करून ट्रकच्या टायरसारखे जाड शूज घेतले. आता ते लाजिरवाणे वाटतात म्हणे, आणि हवेत कसले तर पातळ तळाचे, चपटे. आम्ही शाळेत पीटीला घालायचो तसले! हे असं का चालतं, आणि मी प्रत्येक वेळी घेऊन देत राहू का?
– एक आई

तुमची तगमग कळतेय. मुलगा लहरी आहे असं मात्र समजू नका, त्याच्या आजूबाजूचं सगळंच त्या दिशेने वळलंय आणि त्या वयात वेगळं दिसणं खूप बोचतं.

फॅशनमधला आकार असा इकडून तिकडे जातोच. २०१७ च्या आसपास बॅलेन्सियागाने ट्रिपल एस काढला, तीन वेगवेगळ्या शूजचे तळ एकावर एक रचलेला, आणि त्यानंतर सगळ्यांनी अवजड शूज काढले, त्यालाच डॅड शूज म्हणायचे. जाड पुरेसं जाड झालं की डोळा कंटाळतो आणि उलट्या बाजूला जातो, शिवाय पँट पण बदलल्या. पँट ढगळ झाली, पाय खाली पसरट झाला, त्याखाली अजून ढब्बा शूज घातला तर माणूस बुटका दिसतो, सडपातळ शूज बरा दिसतो. म्हणून आदिदास सांबा आला. तो तर १९५० च्या सुमाराचा शूज आहे हो, गोठलेल्या निसरड्या मैदानावर फुटबॉलची प्रॅक्टिस करता यावी म्हणून केलेला, तपकिरी रबराचा पातळ तळ त्यासाठीच. मग ग्रेस वेल्स बॉनरसारख्या डिझायनरने त्याला हात लावला, मॉडेल लोकांच्या पायात दिसला, आणि २०२२ ते २०२४ मध्ये जिकडे तिकडे तोच. इतका की एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक सांबा घालून मुलाखतीत दिसले तर लोक म्हणाले संपलं, आता हा शूज कूल राहिला नाही, आणि त्यांनी रेडिओवर सांबा घालणाऱ्यांची माफी पण मागून टाकली. मग लोक अजून पातळाकडे गेले, प्यूमा स्पीडकॅट, जो मुळात कार रेसिंगवाल्यांसाठी होता, पेडल पायाला नीट कळावं म्हणून एकदम पातळ तळाचा.

घेऊन देण्याबद्दल माझा अनुभव असा की नकार देण्यापेक्षा त्याला निवड करायला लावा. वर्षाला एक जोड, निवड त्याची, पण मग तोच घालायचा. तेव्हा मुलं आपोआप विचार करतात की हे सहा महिन्यांनी आवडेल का. आणि जुना जाड जोड टाकू नका, तो फिरून येतो. फक्त अधूनमधून घालायला लावा, का ते वर लिहिलंय.

अजून एक तुमच्यासाठी, अगदी पातळ तळात दिवसभर चालणं सगळ्यांना मानवत नाही. टाच किंवा पोटऱ्या दुखतात म्हणाला तर ऐका, रोजच्या चालण्याला दुसरा जोड असू द्या.

जॉगिंगला माझे रेट्रो जॉर्डन घातले तर चालतील ना? शेवटी स्पोर्ट्स शूजच आहेत.

नको. ते त्या काळचे स्पोर्ट्स शूज होते आणि ते पण बास्केटबॉलचे. आजच्या रनिंग शूजचा फोम पूर्ण वेगळा, हलका, उसळणारा, इतका उसळणारा की वर्ल्ड ॲथलेटिक्सला २०२० मध्ये रोड रेसच्या शूजचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको असा नियम करावा लागला. रनिंगचा वेगळा जोड घे, साधा चालेल, आणि साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की बदल. जॉर्डन फिरायला घाल.

मित्र सगळे फर्स्ट कॉपी घालतात आणि मला म्हणतात कोणाला कळतंय. खरं सांगा, काय वाईट आहे?

ज्याने घातलाय त्याला मी कधी हसणार नाही आणि तू पण हसू नकोस, पायातल्या शूजवरून माणसाला खाली बघणं हा या सगळ्या कल्चरमधला सगळ्यात घाणेरडा भाग आहे.

पण तू विचारलंस म्हणून सांगते, मी घेत नाही. डिझाइन कोणीतरी बसून केलेलं असतं. नायकीचा डिझायनर टिंकर हॅटफिल्ड आधी आर्किटेक्ट होता, पॅरिसची पॉम्पिदू सेंटरची इमारत बघितली, जिचे पाइप आणि जिने सगळे बाहेरून दिसतात, आणि त्याला वाटलं शूजच्या आतली हवेची पिशवी पण बाहेरून दिसली पाहिजे, म्हणून टाचेला खिडकी कापली, तो १९८७ चा एअर मॅक्स १. हे वाचल्यावर मला तरी त्या खिडकीची नक्कल, जिच्यामागे कित्येकदा धड हवेची पिशवी पण नसते, पायात घालावीशी वाटत नाही. बाकी, फर्स्ट कॉपीला दिलेल्या पैशात कित्येकदा एखाद्या छोट्या किंवा कमी गाजलेल्या ब्रँडचा स्वतःच्या डिझाइनचा खरा शूज येतो, सेलमध्ये तर नक्की येतो. आणि कॉपी ओरिजिनल म्हणून कोणाला विकणं, ती फसवणूक आहे, तिथं माझ्याकडे दुसरं मत नाही.

ऑफिसला स्नीकर्स घातले तर बॉस बघतो. ब्लेझरवर कुठले चालतील? मी बाई आहे, दिवसभर हील्स नको वाटतात.

बघू दे गं. एप्रिल १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये बस आणि सबवेचा संप झाला होता, ११ दिवस, आणि ऑफिसात जाणाऱ्या हजारो बायका सूट घालून, पायात स्नीकर्स, हील्स बॅगेत, अशा मैलोन्मैल चालत गेल्या. संप संपला पण कित्येकींनी स्नीकर्स सोडले नाहीत. दोन वर्षांनी रीबॉकने फ्रीस्टाइल आणला, खास बायकांसाठी केलेला, आणि तो तुफान चालला. तेव्हा तू काही नवीन आगाऊपणा करत नाहीयेस.

काय घालशील, तर लेदर, एकाच रंगाचा, बुटका, मोठा लोगो नसलेला. आदिदासच्या साध्या पांढऱ्या स्टॅन स्मिथच्या जातीचा. तळ पण पांढरा किंवा अपरच्याच रंगाचा. पँट शूजवर गोळा व्हायला नको, घोट्याशी संपली किंवा सरळ पडली पाहिजे. आणि स्वच्छ, हे सगळ्यात महत्त्वाचं, ब्लेझरखाली मळका स्नीकर लगेच दिसतो. लेस पण धू, लेस काळी पडलेली असली की नवा शूज पण जुना वाटतो.

पुढच्या बाजूला घड्या पडतात, त्या घालवायचा उपाय?

पाय वाकतो तिथं लेदर वाकणारच. एक दिवस घातला की एक दिवस विश्रांती, काढल्यावर आत लाकडी शू ट्री (शूजचा आकार धरून ठेवणारा साचा) किंवा साधा पांढरा कागद, एवढं केलं की खोल जात नाहीत. प्लॅस्टिकचे शील्ड मिळतात पण बोटांना टोचतात, मला आवडत नाहीत. घड्या पडल्या की जोड तुझा झाला, बदकासारखं चालू नकोस.

मी पहिल्यांदाच चांगले स्नीकर्स घेणार आहे, पहिल्या पगाराचे. एकच जोड सांगा.

अभिनंदन! नाव मी सांगणार नाही, कारण पाय तुझा आहे, पण कसा घ्यायचा ते सांगते. कपाट उघड आणि सगळ्यात जास्त वेळा घालतोस त्या तीन पँट काढ, फोनवर आवडलेल्या शूजचा फोटो आणि त्या पँट शेजारी बघ, तिन्हीवर जात असेल तरच पुढे जा. पहिला जोड स्वेडचा नको, पाऊस आणि धुळीत जपावा लागतो, लेदर किंवा चांगला कॅनव्हास घे. ड्रॉच्या आणि रीसेलच्या नादाला पहिल्याच जोडाला लागू नकोस. दुकानात संध्याकाळी जा, रोज घालतोस तेच मोजे घालून जा, दोन्ही पायात घाल, लेस पूर्ण बांधून पाच मिनिटं दुकानातच चाल, वळ, पायऱ्या असतील तर उतर. उतरताना बोटं पुढे आपटली तर अर्धा नंबर मोठा माग, टाच मागे सुटत असेल तर लेस वरच्या शेवटच्या भोकातून ओवून परत बघ, आणि तरीही सुटली तर ते मॉडेल सोड, कितीही आवडलं असलं तरी. नंतर सैल होईल असं सेल्समन म्हणेल, लेदर रुंदीत थोडं सैल होतं, लांबीत होत नाही. आणि पहिले काही दिवस घरात घालून फिर, टॅग कापू नकोस, पावती जपून ठेव, साइज बदलायची वेळ आली तर दुकानदार आधी तीच मागतो.